लशीची सक्ती : अधिकार कोणाचा आणि खाडा कोणाचा?

साथ आली म्हणजे गावात रोगाबरोबर वादही शिरतो. रोग यथावकाश ओसरतो, वाद मात्र अर्धवट राहतो, आणि पुढची साथ आली की तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. २०२१ व २०२२ या दोन वर्षांत सरकारने लोकांना कोविडची लस घेण्यास भाग पाडावे की नाही, याची चर्चा भिवंडीतल्या चहाच्या टपरीपासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झाली. आता साथ गेली आहे आणि डोकी थंड आहेत. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आताच या प्रश्नाचा नीट विचार करून ठेवावा, एवढ्याच हेतूने हा विषय आम्ही श्रोत्यांपुढे मांडत आहोत.

आम्ही डॉक्टर नाही व वकीलही नाही. यंत्रमागाच्या गल्ल्यांत कामगारांची संघटना बांधण्यात आमची हयात गेली, आणि जे थोडेफार ज्ञान मिळाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर मिळाले. तेव्हा ज्या बाजूने हा प्रश्न आम्हांला दिसला, ती बाजू प्रामाणिकपणे मांडणे एवढेच आमचे काम.

या वादात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, लस गुणकारी आहे काय? दुसरा, ती घ्यायला लावण्याचा सरकारला अधिकार आहे काय? आणि तिसरा, त्या सक्तीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? पहिल्या दोन प्रश्नांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. तिसरा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. आमच्या मते पहिल्या दोहोंची गाठ याच तिसऱ्या प्रश्नात आहे.

देवीची खूण

पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर एक गोल वण दिसतो. ती देवी टोचल्याची खूण. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गाईच्या देवीचा प्रयोग केला. ती लस बसऱ्यामार्गे मुंबईस पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातले हे पहिले लसीकरण. पुढे १८७७ साली मुंबई शहरापुरता सक्तीच्या लसीकरणाचा कायदा झाला. १८८० साली नगरपालिका व छावण्या यांना लावता येईल असा कायदा देशासाठी झाला, आणि १८९२ साली मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा आला. म्हणजे लशीची सक्ती ही कोविडने आणलेली नवी गोष्ट नव्हे. आपल्या पणज्याच्या काळापासून ती कायद्याच्या पुस्तकात आहे.

सक्ती मुळात कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. काही रोगांत लस टोचून घेणारा माणूस केवळ स्वतः वाचत नाही, तो रोगाची वाटही अडवतो. गोवराचे उदाहरण घ्या. जेथे कोणालाच प्रतिकारशक्ती नाही, तेथे गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून शंभरांतील सुमारे पंचाण्णव मुले सुरक्षित झाली, तरच गोवराची साखळी तुटते. जी पाच मुले फार लहान असतात किंवा आजारामुळे लस घेऊ शकत नाहीत, त्यांचे रक्षण बाकीची पंचाण्णव करतात.

कामगाराला हे समजायला अवघड नाही. संपात न उतरता संपाने मिळालेली मजुरीवाढ घेणारा माणूस प्रत्येक खात्यात असतो. असा एखादा असला तर संप मोडत नाही, पण असे पुष्कळ झाले तर संपही जातो आणि वाढही जाते. लशीचेही तसेच आहे. सक्तीचे समर्थक म्हणतात, इतरांच्या टोचण्यावर आपण सुरक्षित राहायचे हा अन्याय आहे. हा मुद्दा खरा आहे, आणि जो तो हसण्यावारी नेतो त्याने २०२२ च्या अखेरीची आठवण करावी. त्या वेळी मुंबईत गोवंडी, तिकडे मालेगाव आणि आपली भिवंडी येथे गोवराचा उद्रेक झाला व मुले दगावली. कोविडच्या गडबडीत राहून गेलेल्या लशी आणि घराघरांत बसलेली भीती, या दोहोंचा हा परिणाम होता.

बंदूक आणि सुई

आता दुसरी बाजू पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. विएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला जवळजवळ कोणताही हुकूम काढण्याची मोकळीक देत होता, आणि सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही असे त्यात लिहिले होते. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोविडसाठी लागू केला गेला, हे येथे लक्षात ठेवावे.

त्या कायद्याच्या बळावर घरांच्या झडत्या झाल्या, रोगी उचलून नेले गेले, सामान जाळले गेले, स्थानकांवर स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. पुण्यात सोल्जरांनी जे केले त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडण्यात झाला, हे शाळेत सर्वांनी वाचले आहे. मुंबईच्या कामगारांचा इतिहास मात्र शाळेत शिकवीत नाहीत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. आत गेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका मुलीला न्यायला आले, विणकरांनी विरोध केला, आणि त्यातून दंगा पेटला. मदनपुऱ्याचे विणकर आणि भिवंडीचे मोमीन विणकर दोघेही उत्तर हिंदुस्थानातून माग घेऊन आलेले. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

वास्तविक त्याच वेळी प्लेगवर लस तयार झालेली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. तिने प्लेगची भीती पुष्कळ कमी होत असे. पण ती घेतली की ताप येई, दंड सुजे, आणि रोजावर जगणाऱ्याचे काम बुडे. शिवाय ज्या सरकारने काल बंदूक घेऊन दार ठोठावले, तेच आज सुई घेऊन आले, तर लोकांनी फरक कसा करावा? लस सक्तीची होणार अशा अफवा उठल्या. सरकारने अखेर हात आखडता घेतला. झडत्या सौम्य झाल्या आणि प्लेगची लस ऐच्छिक राहिली. पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे एका बाटलीतून लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो १९०७ साली दूर झाला. परंतु लोकांच्या मनातील भीतीला चौकशीचा अहवाल वाचता येत नाही. प्लेगने देशात पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. ज्यांना वाचवण्याचे साधन परळच्या प्रयोगशाळेत तयार होते, त्यांतील कित्येक केवळ अविश्वासापायी गेले असे म्हणावे लागते.

इतर देशांतही हाच झगडा झाला. इंग्लंडात १८५३ साली मुलांना देवी टोचणे सक्तीचे झाले. दंड भरून, तुरुंगात जाऊन लोकांनी विरोध केला. लेस्टर हे गिरण्यांचे गाव त्यात आघाडीवर होते. अखेर १८९८ साली पार्लमेंटने सद्‌सद्विवेकबुद्धीने हरकत घेणाऱ्या आईबापांना सूट दिली. अमेरिकेत उलट झाले. जेकबसन नावाच्या एका पाद्र्याने देवीची लस नाकारली, त्याला ५ डॉलर दंड झाला, आणि १९०५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो दंड योग्य ठरवला. पण तेथेही शिक्षा दंडाची होती. माणसाला धरून सुई खुपसण्याचा प्रश्न त्या निकालात नव्हता.

देवीचा शेवट मात्र कसा झाला, ते पाहण्याजोगे आहे. सक्तीचे कायदे असूनही १९७४ साली भारतात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रोगी झाले. नुसत्या सक्तीने काम झाले असते तर शंभर वर्षांत ते व्हायला हवे होते. त्यानंतरच्या मोहिमेत घरोघर जाऊन रोगी शोधणे, कळवणाऱ्याला बक्षीस देणे आणि रोग्याच्या भोवतालच्या लोकांना तातडीने टोचणे, या पद्धतीवर भर दिला गेला. बक्षिसाची रक्कम वाढत वाढत १,००० रुपयांपर्यंत गेली. त्या मोहिमेतही काही ठिकाणी जबरदस्ती झाली, हे लपवण्याचे कारण नाही. तथापि मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला तो मुख्यतः या शोधामुळे. १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले.

कोविडच्या काळातील आडमार्गाची सक्ती

आता आपल्या अनुभवाकडे येऊ. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले. प्रथम आरोग्य कर्मचारी, मग वृद्ध, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व. कायद्याने ही लस अखेरपर्यंत ऐच्छिक होती. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसे लेखी सांगितले. पण कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट व्यवहारात कशी सक्तीची होते, ते याच काळात दिसले. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच प्रवेश मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेने पहिली मात्रा न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे ठरवले. त्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लशीच्या दाखल्याशिवाय रेशन, गॅस व पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला. अशा रीतीने दंडाला हात न लावता पोटाला हात लावला गेला.

लोकलच्या नियमाचा हिशेब श्रोत्यांनी स्वतः करून पाहावा. बहुतेकांना मिळत होती ती कोविशील्ड. मे २०२१ च्या मध्यापासून तिच्या दोन मात्रांत किमान ८४ दिवसांचे अंतर ठरवण्यात आले. वर चौदा दिवस. एकूण ९८ दिवस. म्हणजे १५ ऑगस्टला गाडीत चढायचे तर पहिली मात्रा ९ मेपर्यंत घेतलेली हवी. तिशीतल्या कामगारासाठी केंद्रे उघडली १ मेला, आणि लशीच्या टंचाईमुळे त्याच महिन्यात राज्याला १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. मग हा कामगार गाडीत चढणार कसा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्याच्या खिशात पैसे होते त्याला खासगी रुग्णालयाचा रस्ता खुला होता. जूनमध्ये तेथील कमाल दर कोविशील्डसाठी ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिनसाठी १,४१० रुपये ठरला होता. सरकार जे पुरवू शकत नाही, ते नसल्याबद्दल नागरिकाला शिक्षा करणे याला सार्वजनिक आरोग्य म्हणता येत नाही.

न्यायालयांनी यात चांगले काम केले. जून २०२१ मध्ये मेघालय उच्च न्यायालयाने दुकानदार व टॅक्सीवाले यांच्या धंद्यावर गदा आणून लस घ्यायला लावणे गैर ठरवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलचे आदेश योग्य पद्धतीने निघाले नसल्याचे दाखवून दिल्यावर राज्य सरकारने ते मागे घेण्याचे कबूल केले. आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निर्णय दिला. त्याचा सारांश असा. आपल्या शरीरावर माणसाचा हक्क आहे आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सरकारचे लसीकरणाचे धोरण मनमानीचे नव्हते. साथीच्या काळात लोकहितासाठी सरकार काही बंधने घालू शकते, परंतु त्यांना कायद्याचा आधार हवा, खरी गरज हवी, आणि ती गरजेच्या प्रमाणात हवीत. लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा अधिक रोग पसरवतो, असे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे आली नाही, म्हणून त्या परिस्थितीत घातलेली बंधने प्रमाणाबाहेरची ठरली. शिवाय लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवावी असेही सांगितले गेले.

येथे गोवर आणि कोविड यांतील भेद ध्यानात घ्यावा. गोवराची लस रोगाचा फैलाव जवळजवळ थांबवते. कोविडच्या लशीने मृत्यू व गंभीर आजार पुष्कळ टळले, त्यामुळे ती घेणे शहाणपणाचेच होते. पण नवे उपप्रकार आल्यावर फैलाव रोखण्याची तिची शक्ती कमी पडली. सक्तीचा मुख्य आधार दुसऱ्याचे रक्षण हा असेल, तर हा आधार प्रत्येक लशीसाठी वेगळा तपासला पाहिजे.

लूमवाला लस का घेत नव्हता?

भिवंडीत लसीकरण मागे पडले तेव्हा अडाणीपणा, धर्म, अफवा ही कारणे सर्वांच्या तोंडी होती. अफवा होत्याच. पण लूमच्या दारात, बिशीत जेवायला बसलेल्या कामगारांशी बोलताना आम्हांला बहुतेक वेळा वेगळे उत्तर मिळे. ते म्हणत, "टोचल्यावर ताप आला तर खाडा कोण देणार?"

यंत्रमागाची मजुरी मीटरवर. माग चालला तर पैसा, नाही तर नाही. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या. दिवसपाळीवाला सुटेपर्यंत लसकेंद्र बंद होई, आणि रातपाळीवाला सकाळी सुटून रांगेत उभा राहिला तर झोपेविना पुढच्या पाळीला जाई. मागावर झोपेने डोळा लागला तर बोटे जातात. त्यात दोन दिवस अंग मोडून ताप आला तर पंधरवड्याच्या हिशेबात खड्डा पडे. मालक रजेचा पैसा देत नसे, आणि आजारपणाच्या विम्यासाठी लागणारी कामगारसंख्या एकेका शेडमध्ये कागदावर भरत नसे. नोंदणी मोबाईलवर, तीही जून २०२१ पर्यंत इंग्रजीत. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेल्या माणसाचे आधारकार्ड पुष्कळदा गावच्या पेटीत. टाळेबंदीत ज्यांना उपाशीपोटी पायी वाट धरावी लागली आणि मे २०२० च्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली तेव्हा ज्यांनी दाटी केली, त्यांनाच वर्षभराने सांगण्यात आले की सरकारला तुमच्या जिवाची काळजी आहे. त्यांनी चटकन विश्वास ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

उलट जेथे विश्वास ठेवला गेला, तेथे याच गावाने साथ दिली. २०२० च्या पावसाळ्यात शांतीनगरच्या मशिदीत रोग्यांना मोफत प्राणवायू देण्याचे केंद्र उघडले गेले, आणि तेथे कोणालाही बळजबरीने न्यावे लागले नाही. ज्या ज्या कारखान्यांत लसीची माणसे पाळी बदलण्याच्या वेळी दारात आली आणि मालकाने दुसऱ्या दिवसाचा खाडा भरून दिला, तेथे रांग लागलेली आम्ही पाहिली. हेच कामगार, हेच धर्म, हीच भाषा. बदलला होता तो फक्त खाड्याचा हिशेब.

सक्ती करायचीच तर

येथे कोणी म्हणेल, कारखान्यात यंत्राला जाळी लावण्याची सक्ती तुम्हीच मागता, मग लशीची सक्ती का नको? प्रश्न रास्त आहे. पण जाळीची सक्ती मालकावर असते, तिचा खर्च मालक देतो, आणि जाळी असूनही हात गेला तर भरपाईचा कायदा १९२३ सालापासून आहे. लशीच्या सक्तीत तिन्ही गोष्टी उलट झाल्या. सक्ती कामगारावर, खाडा कामगाराचा, आणि अपाय झाला तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की लस ऐच्छिक होती, सबब दुष्परिणामांची जबाबदारी सरकारची नाही, कोणाला वाटल्यास त्याने दिवाणी दावा करावा. असे अपाय फार थोड्यांना होतात हे खरे. पण ज्याच्या घरात होतो, त्याने रेशन किंवा रोजगार राखण्यासाठी लस घेतली असेल, तर त्याला "तू आपखुशीने घेतलीस" असे कसे सांगायचे? ब्रिटनने १९७९ सालीच लशीने अपंग झालेल्यांना पैसे देण्याचा कायदा केला होता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. लस घ्यावी, मुलांना वेळेवर टोचावे, आणि अफवा पसरवणाऱ्याला गल्लीतच उत्तर द्यावे. हे आपले कर्तव्य आहे. सरकारने साथीत बंधने घालावीत की नाही, हे त्या रोगावर व त्या लशीवर अवलंबून राहील. परंतु सक्तीचा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी सरकारने व मालकांनी पाच गोष्टी केलेल्या असाव्यात. लस मुबलक व फुकट असावी. ती पाळीच्या वेळेला, वस्तीत आणि कारखान्याच्या दारात मिळावी. टोचल्यानंतरच्या दोन दिवसांचा खाडा भरून मिळावा. गुणदोषांची माहिती मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषांत, आकड्यांसह, उघड सांगितली जावी. आणि अपाय झालाच तर कोर्टाच्या पायऱ्या न झिजवता भरपाई मिळावी.

या पाच गोष्टी झाल्यावरही जो नाकारील, असा माणूस हजारांत किती उरेल? आमचा अनुभव सांगतो की फार थोडे उरतील, आणि तेवढ्यांसाठी सक्तीची गरजच पडणार नाही. या गोष्टी न करता केलेली सक्ती मात्र मदनपुऱ्यात १८९८ साली जेथे जाऊन पोचली, तेथेच पोचेल. महापालिका, कारखानदारांच्या संघटना आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसून या पाच कलमांचा लेखी करार आताच, साथ नसताना, करून ठेवावा. भिवंडीत अशा करारासाठी पहिले पत्र आम्ही लिहू. दुसरे लिहिणारे या सभागृहातून पुढे यावेत.